इशारा पातळी

पावसाचा जोर वाढला की नागोठण्यात एकच प्रश्न फिरतो: पाणी कुठवर आलं? रायगड जिल्हा प्रशासनाच्या तक्त्यात इथल्या अंबा नदीसमोर दोन आकडे लिहिलेले असतात. इशारा पातळी ८ मीटर, धोका पातळी ९ मीटर. या दोन आकड्यांच्या मधल्या एका मीटरात बाजारपेठेतला दुकानदार खालच्या फळीवरची पोती वर चढवतो, एसटी स्थानकाच्या आवाराकडे सगळ्यांची नजर लागते आणि कुणीतरी म्हातारं माणूस १९८९ चा जुलै काढतं. त्या वर्षी याच अंबेनं वरच्या अंगाला जांभूळपाड्यात हाहाकार माजवला होता. आता पाण्याची बातमी मोबाईलवर येते. पुलाजवळ उभं राहून कुणी फोटो काढतो, तो गावाच्या ग्रुपवर पडतो आणि पाच मिनिटांत रोह्यापासून पेणपर्यंत सगळ्यांना कळतं की पाणी अजून एक हात खाली आहे.

तोच मोबाईल रात्री सातवीतल्या मुलाच्या हातात असतो. तिथं पाणी कुठवर आलंय, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नसतं. तिथं ना आठचा आकडा, ना नऊचा. बहुतेक आईबापांना थेट पाणी घरात शिरल्यावर कळतं: मुलगा शाळेत डुलक्या घेतो म्हणून बाईंचा निरोप आला, खात्यातून तीन हजार गेले, किंवा मुलगी दोन दिवस जेवली नाही. मग आरडाओरडा, फोन हिसकावणं, एखादी थप्पड. आणि आठ दिवसांनी फोन पुन्हा त्याच हातात, कारण शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येतो.

नागोठण्याला बाहेरचं जग नवीन नाही. धरमतरच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबतं अंबेतून थेट इथवर येत. इंग्रजांच्या काळात मुंबईचा माणूस महाबळेश्वरला निघाला की बोटीनं नागोठण्याला उतरून पुढची वाट धरायचा. सोळाव्या शतकातला दगडी पूल त्या वर्दळीची साक्ष म्हणून अजून उभा आहे. बंदर म्हटलं की नाका आला, जकात आली, काय आत येतं नि काय बाहेर जातं याची नोंद ठेवणारा कारकून आला. पुढे ऐंशीचं दशक सरता सरता सरकारी मालकीच्या आयपीसीएलचा पेट्रोकेमिकल कारखाना इथं उभा राहिला. २००२ मध्ये निर्गुंतवणुकीत ती कंपनी रिलायन्सकडे गेली. आणि ५ सप्टेंबर २०१६ ला त्याच उद्योगसमूहानं जिओ बाजारात आणलं, सुरुवातीचे काही महिने डेटा फुकट. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. नागोठणं त्याच टप्प्यावर आहे. रस्ता यायचा तेव्हा येवो, फोर-जी मात्र सुकेळीची खिंड केव्हाच ओलांडून गेलं. या वाटेवर नाका नव्हता, कारकूनही नव्हता.

खरा लोंढा आला तो मार्च २०२० नंतर. शाळांना कुलूप लागलं, राज्यात 'शाळा बंद पण शिक्षण सुरू'चा नारा आला आणि ज्या फोनला मुलानं हात लावला तर ओरडा बसायचा, तोच फोन आईनं स्वतः त्याच्या हातात दिला. काहींनी हप्त्यावर नवा घेतला. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'प्रथम'च्या 'असर' अहवालात या उडीची नोंद आहे. २०१८ साली देशातल्या खेड्यांमध्ये शंभरातल्या ३६ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२२ साली तो आकडा ७५ च्या घरात गेला. २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांमधली ८२.२ टक्के मुलं स्मार्टफोन चालवू शकत होती. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पालकसभेत हे दोन आकडे एखाद्यानं वाचून दाखवले, तर पालक एकमेकांकडे बघून हसतील. त्यांना ते आधीच माहीत असतं.

त्या अहवालातला कमी चर्चा झालेला आकडा जास्त महत्त्वाचा आहे. फोन चालवता येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलांमध्ये स्वतःचा स्मार्टफोन असणारी मुलं २७ टक्के, सोळाव्या वर्षी ३७.८ टक्के. म्हणजे वापरणारे बहुतेक सगळे, पण मालक थोडे. बाकीची मुलं आईचा, बापाचा, काकाचा, थोरल्या बहिणीचा फोन वापरतात. पालकांनी नजर कशी ठेवावी यावर जे जे सांगितलं जातं, ते एक गोष्ट गृहीत धरून: मुलाचा फोन वेगळा, पालकाचा वेगळा. नागोठण्यातल्या कितीतरी घरांत हे गृहीतकच लागू पडत नाही.

असं एक घर डोळ्यांसमोर आणू. नागोठण्यात कुठंही असू शकेल असं. बाप कारखान्यात ठेकेदाराकडे, आठवड्याला पाळी बदलते. आई घरी शिवणकाम करते. घरात फोन दोन: एक बापाबरोबर कामावर जातो, दुसरा आईचा, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. हा दुसरा फोन कागदोपत्री आईचा. त्याचं गूगल खातं मुलीनं उघडून दिलं, पासवर्ड तिला पाठ आहे, आईला नाही. रिचार्ज तीच मारते. लाइटबिल तीच भरते. आईला लाडकी बहीण योजनेचं केवायसी करायचं असलं की, "आई, ओटीपी आला का? सांग पटकन, जाईल तो," हे वाक्य मुलीच्या तोंडी. पडदा कुलूपबंद करायचा नमुना मुलीनं ठरवला आणि आईला बोट धरून शिकवला. आता या आईला सांगायचं की मुलीच्या फोनवर लक्ष ठेव! या घरात फोनचा कारभार लेकीकडे आहे. आई खातेदार आहे, सहीपुरती.

ही उलटी मांडणी समजून न घेता दिलेला सल्ला वाया जातो. गूगलचं 'फॅमिली लिंक' घ्या. २०१७ मध्ये आलेलं हे ॲप फुकट आहे आणि प्रामाणिकपणे चांगलं आहे. मुलाच्या नावानं वेगळं खातं काढायचं, ते मुलाच्या फोनवर चालवायचं आणि पालकाच्या फोनवरून त्याची दोरी धरायची. रोज किती वेळ, रात्री किती वाजता फोन मिटायचा, कुठल्या ॲपला किती मिनिटं, हे सगळं ठरवता येतं. मुलानं नवं ॲप उतरवायला घेतलं की पालकाला विचारणा येते. फोन कुठं आहे ते नकाशावर दिसतं. मुलाचे निरोप वाचता येत नाहीत, फोनवरचं बोलणं ऐकता येत नाही. ते त्या ॲपचं कामच नाही. आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' नावानं अशीच सोय २०१८ पासून आहे. पण ज्या घरात मुलगी आईच्याच खात्यावर सगळं करते, तिथं गूगलच्या लेखी फोन वापरणारी व्यक्ती चाळीस वर्षांची बाई आहे. तिला रात्री दोनपर्यंत रील बघायला कोण मना करणार?

मग एकाच फोनच्या घरानं करायचं काय? सुरुवात करायला त्या तडा गेलेल्या फोनमध्येच पुष्कळ आहे. सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' शोधायचं. आत एक रंगीत वर्तुळ येतं, मकरसंक्रांतीच्या हलव्यासारखं रंगीबेरंगी. कुठल्या रंगाला किती तास ते खाली लिहिलेलं असतं. फोन दिवसात कितीदा उघडला, कितीदा वाजला, तेही. आईनं आपण स्वतः काय काय वापरलं ते मनात वजा करायचं, उरलेलं लेकीचं. बॅटरीच्या पानावर गेलं तर कुठल्या ॲपनं किती चार्जिंग खाल्लं ते दिसतं. रात्री ऐंशी टक्के ठेवलेला फोन सकाळी बारावर असेल तर रात्र कुणाची गेली, हे सांगायला पोलीस नको. यूट्यूबची हिस्ट्री उघडायची. ती कोरी असेल तर कोरी असणं हीसुद्धा बातमीच. फोनमध्ये दोन कॅल्क्युलेटर दिसले, तर दुसरा बेरजा करत नसण्याची शक्यता बरीच. फोटो नि व्हिडिओ लपवणारी काही ॲप कॅल्क्युलेटरचं सोंग घेऊन बसतात.

प्ले स्टोअरमध्ये पालकांसाठीचं नियंत्रण आहे, त्याला वेगळा पिन लागतो. खरेदीच्या वेळी दर वेळी ओळख पटवायची सक्तीही तिथंच करता येते. हे दोन टिचक्यांचं काम आहे आणि त्यानं गेममधल्या हिऱ्यांवर, बंदुकीच्या रंगांवर उडणारे पैसे वाचतात. यूपीआयचा पिन मात्र मुलांना माहीत नसावा, हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड. किराणा आणायला पाठवलेलं पोरच स्कॅन करून येतं.

डेटाचं एक गणित तर कुठल्याही ॲपशिवाय कळतं. रोजचा दीड जीबी संपला की वेग घसरून ६४ केबीपीएसवर येतो, व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. हा कंपनीनं नकळत घातलेला बांध. पण नवा दीड जीबी रात्री बारा वाजता सुरू होतो. संध्याकाळी 'डेटा संपला' म्हणून फोन परत देणारं पोर बाराला पुन्हा का उठतं, याचं उत्तर त्यात आहे. ज्यांनी अमर्याद फाइव्ह-जी घेतलं, त्यांच्याकडे हा बांधही राहिला नाही.

आता त्या दुकानाकडे वळू, जिथं पालकांची भीती विकली जाते. 'मुलाला कळणारही नाही' अशी जाहिरात करणारी हेरगिरीची ॲप. व्हॉट्सॲपचे निरोप, फोटो, कळफलकावर दाबलेलं प्रत्येक अक्षर, सगळं पालकाच्या पडद्यावर. महिन्याला अमुक डॉलर. यांचा इतिहास पालकांनी एकदा वाचावा. अमेरिकेत 'टीनसेफ' नावाचं असंच ॲप होतं, मुलांना सुरक्षित ठेवण्यासाठी. मे २०१८ मध्ये उघडकीला आलं की त्याच्या सर्व्हरवर हजारो मुलांच्या ॲपल खात्यांचे पासवर्ड उघड्या अक्षरांत पडलेले होते, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावेत असे. 'स्पायफोन'ला २०२१ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं हेरगिरीच्या धंद्यातूनच बाहेर काढलं. 'एमस्पाय'ची माहिती तर एकाहून अधिक वेळा फुटली, अगदी २०२४ मध्येसुद्धा. घराला कुलूप लावायचं आणि किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात ठेवायची, असा हा व्यवहार. गूगलनं २०२० च्या ऑक्टोबरपासून प्ले स्टोअरवर नियमच केला: मुलांवर नजर ठेवणारं ॲप चालेल, पण ते लपून बसता कामा नये, फोन वापरणाऱ्याला त्याची खूण सतत दिसली पाहिजे.

भारतात या बाबतीत एक मजेशीर विसंगती तयार झालीय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यांना कंपन्यांवर बंदी आहे. मुलांबाबतची कर्तव्यं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम जाहीर झाले, अंमल टप्प्याटप्प्यानं. कंपन्यांना सरकार सांगतंय की पोरांवर पाळत ठेवू नका. आणि घाबरलेला बाप तीच पाळत परदेशी कंपनीकडून दर महिन्याला विकत घेतोय.

लपूनछपून ठेवलेल्या नजरेचा दुसरा तोटा पैशांत मोजता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलिसांच्या सायबर जागृती महिन्याच्या उद्घाटनाला अभिनेता अक्षय कुमार यांनी आपल्या घरातली गोष्ट सांगितली. त्यांची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती, अनोळखी माणसाबरोबर खेळता येतो असा. समोरच्यानं आधी गोड बोलून मुलगा की मुलगी ते विचारलं, आणि उत्तर मिळाल्यावर नग्न फोटो मागितला. मुलीनं खेळ बंद केला आणि आईला जाऊन सांगितलं. त्याच कार्यक्रमात त्यांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक सायबर तास ठेवण्याची मागणी केली. बातम्यांत मागणीला जागा मिळाली, पण गोष्टीतलं कळीचं वाक्य मधलं आहे: मुलगी उठली आणि आईला सांगितलं. तिथं ना फॅमिली लिंक कामाला आलं ना कसला अहवाल. ज्या घरात फोन हिसकावला जाईल या धास्तीनं पोर तोंड उघडत नाही, त्या घरात हाच प्रसंग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फोटोपर्यंत जातो.

आणि गेलाच, तर काय करायचं तेही पालकांना ठाऊक हवं. घाबरून चॅट पुसून टाकायचं नाही, तोच पुरावा. स्क्रीनशॉट, खात्याचं नाव, नंबर जपून ठेवायचे. पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. फोटो अल्पवयीन मुलाचा असेल तर 'पोक्सो' कायदा लागतो, आणि मूल त्यात गुन्हेगार नसून पीडित असतं, हे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी बापानं स्वतःला बजावायला हवं. रायगडचं सायबर पोलीस ठाणं अलिबागला आहे. पण तक्रार नागोठण्याच्या ठाण्यातही करता येते आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवरही. नको तो फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा २०२३ पासून आहे. तिथं फोटो पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा आकड्यांतला ठसा तयार होतो आणि तोच जातो.

एकेका घराच्या बाहेर पडून गावानं मिळून हा प्रश्न धरल्याचं उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव, सुमारे तीन हजार वस्तीचं, शेतकरी आणि साखर कारखान्यातल्या कामगारांचं. टाळेबंदी उठून शाळा भरल्या, पण पोरं दप्तर टाकून फोनला चिकटतात, हे शिक्षकांच्या लक्षात आलं. १४ ऑगस्ट २०२२ च्या सभेत ठरलं आणि स्वातंत्र्यदिनापासून सुरू झालं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा, टीव्ही नि मोबाईल बंद; साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. सरपंच विजय मोहिते यांनी हे सुरू केलं तेव्हा टिंगलही झाली. मग अंगणवाडीच्या ताई, आशा सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून बघू लागले, समजावू लागले. पुढे बीबीसीपर्यंत बातमी गेली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावच्या ग्रामसभेनं वेगळा ठराव केला: अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलच नको. दोन्ही गावांची कळकळ सारखी, पण ठरावांची जात वेगळी. बान्सीत बंदी पोरांना होती. वडगावात भोंगा वाजला की मालिका बघणाऱ्या आजीचा टीव्हीही बंद व्हायचा आणि क्रिकेटचा स्कोअर बघणाऱ्या बापाचा फोनही. म्हणून वडगावचा भोंगा जास्त समजूतदार वाटतो. त्याला पाळत म्हणता येणार नाही. तो गावानं स्वतःला घातलेला वेळेचा बांध आहे. शिवाय दीड तासाचाच. उरलेल्या वेळेचं काय, हा प्रश्न भोंग्यानं सुटत नाही, आणि सुटतो असा दावा त्या गावानं कधी केलेला ऐकिवात नाही.

नागोठण्यात भोंगा चालेल का? कारखान्याच्या पाळ्यांवर चालणारं, बाजारपेठेचं, हमरस्त्यावरचं हे गाव. दिवा-रोहा गाडीनं कामावर जाऊन रात्री परतणारी माणसं. सात वाजता सगळे घरी असतील असं गृहीत धरणं कठीण. इथं गल्लीपुरतं, चाळीपुरतं, एका वर्गापुरतं ठरवणं जास्त शक्य दिसतं. सातवीच्या वीस पालकांनी मिळून 'रात्री नऊनंतर ग्रुपवर कुणाचंच पोर दिसणार नाही' असं ठरवलं, तर 'सगळ्यांना चालतं, मलाच नाही' हे हत्यार पोरांच्या हातून जातं. शाळांनीही गृहपाठ वहीत लिहून दिला तर निम्म्या आया सुटकेचा श्वास सोडतील.

कंपन्यांनीही थोडंफार उशिरा का होईना सुरू केलंय. इन्स्टाग्रामनं फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात किशोरवयीनांची खाती आणली. खातं आपोआप खासगी होतं, रात्री दहा ते सकाळी सात सूचना झोपवल्या जातात, एका तासानंतर आठवण येते, आणि सोळा वर्षांखालच्यांना या अटी सैल करायला पालकाची परवानगी लागते. पालकाला मूल गेल्या सात दिवसांत कुणाकुणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. ही रेघ बरोबर जागी ओढली आहे. फक्त वय खरं सांगितलं तर. आठवीतली निम्मी पोरं तिथं १९९९ साली जन्मलेली असतात. पैशांच्या खेळांच्या मात्र सरकारनंच मुळावर घाव घातला: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. ऑस्ट्रेलिया आणखी पुढं गेला. १० डिसेंबर २०२५ पासून तिथं सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही, आणि दंड मुलाला नाही, पालकालाही नाही. कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत.

नजर ठेवण्याच्या या सगळ्या चर्चेत एक गोष्ट दबक्या आवाजात राहते. नजर मुलींवर जास्त असते. 'असर'च्या त्याच पाहणीत फोन वापरणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. मुलाचा फोन तपासला तर उद्देश असतो अभ्यास. मुलीचा तपासला तर उद्देश असतो 'कुणाशी बोलते'. एक अनोळखी नंबर सापडला की शिक्षा फोनपुरती थांबत नाही, क्लास बंद होतो, मैत्रिणीकडे जाणं बंद होतं, आणि काही घरांत स्थळं बघायला सुरुवात होते. केरळात कोळिकोडजवळच्या कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करायला सांगितलं होतं. फहिमा शिरिन या विद्यार्थिनीनं नकार दिला, तिला वसतिगृहातून काढलं, ती हायकोर्टात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला कोर्टानं इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानून तिला परत घ्यायला लावलं. ती सज्ञान होती, सातवीतल्या मुलीला तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण सातवीतली मुलगी पाच वर्षांत सज्ञान होणारच असते, आणि तोवर तिला फक्त हिसकावणं शिकवलेलं असेल तर हाती आलेल्या पहिल्या स्वतःच्या फोनचं ती काय करेल?

नदीच्या पातळीकडे बघणारा माणूस प्रत्येक थेंब मोजत नाही. फोनबाबतही पालकाला प्रत्येक निरोप वाचण्याची गरज नसते. वाचून बहुधा भांडणच पदरी पडतं. झोप किती तासांनी घटली, संध्याकाळचं खेळणं बंद झालं का, आई खोलीत आली की पडदा का उलटा होतो, खर्च कुठं झाला, नवीन 'मित्र' कोण आणि तो कधी प्रत्यक्ष भेटलाय का, या चारपाच खुणा म्हणजे आठ मीटर. जेवण तुटणं, शाळा बुडणं, फोन काढून घेतल्यावर अंगावर धावून येणं किंवा एकदम गप्प होणं म्हणजे नऊ. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घातलं आहे आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत त्यासाठी २०१४ पासून वेगळं उपचार केंद्र चालतं. म्हणजे नऊच्या वर गेलं तर रागानं नाही, डॉक्टरांकडून उतरवायचं.

आणि ते मघाचं घर. बापाची रात्रपाळी आहे. मशीनवर शेवटचा ब्लाउज उरकून आईनं तडा गेलेला फोन स्वयंपाकघरात मिक्सरशेजारच्या प्लगला लावला. आजपासून रात्री तो तिथंच राहणार, असं दोघींनी दुपारीच ठरवलं होतं. लेक बाजूला उभी राहून आईला ते रंगीत वर्तुळ दाखवते आहे. शेवटी यंत्र तिलाच जास्त कळतं. निळा भाग सगळ्यांत मोठा निघाला.

"हे यूट्यूब कुणाचं गं, तुझंच ना?"

"माझं एक तास चाळीस मिनिटं. बाकीचं तुझं ब्लाउजच्या डिझाइनचं."

आई पुन्हा वर्तुळाकडे बघते. मग म्हणते, "दहाला मिटायचं कर. दोघींचं."

लेक बोट फिरवून दहा वाजता लावते आणि विचारते, "बाबांच्या फोनला?"

"ते सकाळी आल्यावर त्यांनाच विचार."